काळी पाच

पुरुषाने बाईच्या आवाजात गाऊ नये. पेटीच्या धंद्यात पाऊल ठेवले तेव्हा माझे हे मत होते, धंदा सोडला तेव्हा होते आणि हा मजकूर लिहितानाही आहे. संपादकांनी माझ्याकडे गोड आठवणी मागितल्या. गोड आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावे. माझ्यापाशी तुमसरच्या बाजारगल्लीतले दहा फुटांचे एक दुकान होते आणि त्यात बसून ऐकलेले आवाज आहेत. त्यांतले बहुतेक ऐकायला मिळाले नसते, तरी माझे काही बिघडले नसते.

हार्मोनियम दुरुस्त करणे आणि तिचे सूर लावणे, हे माझे वर्षभराचे काम. दिवाळीनंतर मंडईच्या हंगामात शाहीर गोविंदरावांच्या मंडळाला पेटीची साथ करणे, हे दुसरे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भाऊबीज झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव एकेका दिवसाची जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात आणि भरदुपारी गावच्या मोकळ्या जागेत खडी गंमत होते. गाणी, सोंगे, सवालजवाब, सारे उभ्याउभ्या. बायकांची सोंगे पुरुषच घेत. ते लुगडे नेसत त्याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. लुगडे सोडता येते.

पेटीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. पेटीच्या आत पितळेच्या बारीक जिभा असतात. भात्याची हवा लागली की जीभ थरथरते आणि सूर निघतो. जिभेचे टोक कानशीने किंचित घासले की सूर चढतो; बुडाशी घासले की उतरतो. हे काम डोळ्यांनी होत नाही, कानांनी होते. दुसरी गोष्ट पट्टीची. गवई ज्या सुराला आपला षड्ज मानून गातो, ती त्याची पट्टी. बहुतेक पुरुष पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत, म्हणजे काळी एकमध्ये गातात, बायका काळी चार किंवा काळी पाचमध्ये. ज्याला आपली पट्टी कळली त्याला निम्मे गाणे आले. ज्याला कळली नाही, तो माझ्या दुकानात येई.

आता खोट्या आवाजाविषयी. मुलाचा आवाज फुटतो तेव्हा निसर्ग त्याचा कोवळा आवाज परत घेतो आणि छातीतून येणारा आवाज देतो. काही लोक परत गेलेला माल चोरून पुन्हा आणतात. गळा आवळून, छाती बाजूला ठेवून, वरच्या वर पातळ सूर काढतात. त्याला कोणी फॉल्स म्हणे, कोणी लेडीज आवाज म्हणे. मी खोटा आवाज म्हणत असे. दोन्ही आवाजांच्या मध्ये गळ्यात एक सांधा असतो. खोट्या आवाजाला वर जायला आकाश मोकळे असते. खाली उतरायला मात्र जागा नसते. त्या सांध्यावर आला की तो फाटतो. ही माहिती पुढे लागणार आहे.

त्या काळात या आवाजाची साथच आली होती. सिनेमातला नायक टेकडी चढू लागला की मध्येच त्याचा गळा दोन मजले वर उडी मारी आणि धपकन खाली येई. टेकडी चढताना धाप लागावी. उचकी लागत असेल तर वैद्याला दाखवावे. लोक मात्र ती उचकीच तेवढी पाठ करीत. बँकेतला एक कारकून सहा महिने दर रविवारी माझ्याकडे येत होता.

"मास्तर, ही उडी पेटीवर कशी मारायची जी?"

"पेटी उडी मारत नाही."

"मंग गळ्यानंच मारून पाहू?"

"इथे नको. शेजारी दवाखाना आहे."

तरी त्याने मारली. शेजारचा कंपाउंडर खरोखरच बाहेर येऊन पाहून गेला.

पुढे कॅसेटी आल्या. एका मिलमालकाचा पुतण्या टेपरेकॉर्डर काखेत मारून आला आणि त्याने परदेशातले एक गाणे लावले. मी दोन ओळी ऐकल्या.

"या बाया कोणत्या देशाच्या?"

"बाया नाही जी, बाप्ये हायेत. हे पाहा, दाढ्या हायेत सर्वायले." त्याने कॅसेटवरचे चित्र दाखवले.

"दाढ्या ठेवल्या हे बरे केले. घरी ओळख पटत असेल."

"मास्तर, दोस्ताच्या वरातीत म्हणायचं हाये मले. पट्टी सांगा ना."

"याला पट्टी लागत नाही. चिमटा लागतो."

तो रागावला नाही. त्या मुलाचा एवढाच गुण मला आठवतो. शहापूरचे एक शिक्षक मात्र रागावले. भावगीत सभ्य माणसाने नाजूक आवाजातच म्हटले पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. आणि नाजूक म्हणजे नाकातून, मांजराच्या पिलासारखे. पेटीचा आवाजही तसाच नाजूक करून द्या, असे त्यांचे म्हणणे. "नाजूकपणा पेटीत नसतो, गुरुजी," मी म्हणालो. "मग कशात असतो?" त्यांनी विचारले. "गुरुजी होण्याआधी तुमचा आवाज कसा होता, ते आठवा." ते पेटी घेऊन गेले, ते पुन्हा आले नाहीत. ऑर्केस्ट्रावाल्यांचे तर बोलायलाच नको. 'एका गळ्यात दोन आवाज' अशी त्यांची जाहिरात असे. एक आवाज सांभाळता येत नाही म्हणून दुसरा उधार आणणाऱ्याची कीर्ती कसली, हे मला कधी समजले नाही.

माझ्या पत्नीला हे सारे आवडे. रेडिओ तिच्या ताब्यात असे.

"तुमाले आवडते तरी काय, ते तं सांगा एकदा," ती म्हणे.

"खणखणीत आवाज."

"मंग देवळातली घंटा आणून ठेवते घरी."

एक अपवाद मी तेव्हाही मान्य करीत असे. आमच्या भागातला गुराखी तलावाच्या या काठावरून त्या काठावरच्या सोबत्याला हाक देतो, ती याच पातळ आवाजात. छातीचा आवाज पाण्यावरून तेवढा लांब जात नाही. तिला मी नावे ठेवीत नसे. त्या आवाजाला काम असते. कामाच्या आवाजाला खोटा म्हणू नये. हा नियम मी स्वतःच केला होता आणि दुकानात येईल त्याला ऐकवीत होतो.

श्रावण माझ्याकडे आला तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, धान निसवण्याच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या दिवसांत. आंधळगावचा, कोसा म्हणजे टसर रेशीम विणणारा. वय पंचविशीच्या आसपास, अंगाने किरकोळ, बोलण्यात मंद. पायताण बाहेर काढून तो दारातच उभा राहिला.

"मास्तर, मले काळी पाच द्या जी."

"काळी पाच बायकांची पट्टी आहे."

"मले तेच पाह्यजे."

मी त्याला काळी एक दिली. तो गायला. आवाज जाडाभरडा, सुराच्या कडेकडेने चालणारा, जणू परक्याच्या अंगणातून जात असल्यासारखा. मग त्याने पुन्हा काळी पाच मागितली. दिली. गळा बदलला आणि तो सुरावर उभा राहिला. हलला नाही. गाणे मला अनोळखी होते. दोनच ओळींचे, फिरून फिरून येणारे. मी पूर्ण ऐकले नाही.

"आवाज खोटा आहे," मी म्हणालो. "घरी जा. माग चालव."

"माग तं चालवतोच जी," तो म्हणाला, आणि पायताण घालून गेला.

शाहीर गोविंदरावांनी त्याला आठ दिवसांत मंडळात घेतले. शाहीर सुराचा विचार करीत नसत, लोकांचा करीत. लोक वेडे झाले, हे मला नमूद केले पाहिजे. श्रावण लुगडे नेसून उभा राहिला आणि त्याने पहिली ओळ घेतली की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या एकमेकींना कोपरखळ्या मारीत. एका गावी एक म्हातारी गाणे संपल्यावर थेट त्याच्यापाशी आली आणि हनुवटी धरून पाहू लागली.

"बाप्या हायेस का रे बाबू खरंच?"

"हो जी माय."

"मंग एवढं बाईच्या जिवाचं तुले कसं समजते?"

तो हसला. मी पेटीचे झाकण लावीत होतो. लोकांना कोण आवडेल हे सांगता येत नाही आणि सांगण्याचे मला कारणही नव्हते. मी काळी पाच देत होतो; तो गात होता. चार हंगाम आम्ही शेजारी बसलो आणि कामाबाहेर बोललो नाही. त्याची एकच इच्छा होती, ती सर्वांना माहीत होती. गावात त्याला 'बाई' म्हणून चिडवीत. बाजाराला निघाला की पारावरचे लोक घोगऱ्या आवाजात 'ओ बाई' अशी हाक देत. आंधळगावच्या मंडईत आपले मंडळ यावे, आपण तिथे उभे राहून गावे आणि हे एकदाचे मिटावे, यासाठी तो तीन वर्षे शाहिरांच्या मागे लागला होता. गावकरी तयार नव्हते. "आपल्याच गावचं सोंग आपल्यालेच काय दाखवते," असे म्हणत. चौथ्या वर्षी कसेबसे तयार झाले.

त्याच वर्षी मी नवी पेटी केली होती. स्केल-चेंजर. तिच्यात पट्ट्यांची सगळी रांग एका कळीने डावी-उजवीकडे सरकते. वाजवणाऱ्याची बोटे जिथल्या तिथे राहतात. आतला सूर मात्र तीन घरे खाली किंवा वर जातो. समोर बसलेल्याला काहीही दिसत नाही. त्या पेटीचा मला अभिमान होता. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या हंगामात श्रावणचा आवाज षड्जावर लहरतो, पेटीशी मिळत नाही, अशी माझी तक्रार होती. ती मी शाहिरांपाशी केली, नाल नावाची ढोलकी वाजवणाऱ्यापाशी केली, पत्नीपाशीही केली. खोट्या आवाजाचा पाया असाच असतो, हेही सांगितले.

आंधळगावच्या मंडईच्या दिवशी सकाळी मंडळ शाळेच्या ओसरीत उतरले होते. पोहे झाले होते, चहा चालू होता. मी पेटी उघडून भाता पाहत होतो. श्रावण जवळ येऊन बसला.

"मास्तर, एक सांगू का जी? काळी पाच उतरली वाटते."

"काय उतरली?"

"पेटीची. जराशीच. माह्या गळ्याले घासते."

शाहिरांनी हसून सावरण्याचा प्रयत्न केला.

"अरे श्रावण्या, पेटी कायची उतरते? गावात आला म्हणून तूच चढला असशील."

कोणीतरी हसले. माझ्या हातून सूर लावलेल्या पेट्या नागपूरपर्यंत जात होत्या. मी श्रावणला म्हणालो, "बाईच्या आवाजात गाणाऱ्याने पेटीवाल्याला सूर शिकवू नये."

"शिकवून नाही राहिलो जी," तो म्हणाला. "सांगून राहिलो."

तो उठून गेला. ती पट्टी एकदा वाजवून पाहण्याइतके मन मी मोठे केले नाही. एवढेच त्या सकाळी करायचे होते. एक बोट पुरले असते.

दुपारी गर्दी झाली. कोष्टीपुऱ्यातल्या बाया पुढे बसल्या होत्या, पारावरचे लोक मागे उभे होते. श्रावणचे पहिले गाणे बरे गेले. मागच्या लोकांनी शिट्या मारल्या, पण चिडवणाऱ्या नव्हत्या. दुसरे गाणे तो तेच म्हणणार होता, जे त्याने दुकानात पहिल्या दिवशी म्हटले होते. त्याने लुगड्याचा पदर नीट केला आणि सूर घेण्यासाठी माझ्याकडे कान केला.

मी कळ दाबली आणि पट्ट्यांची रांग तीन घरे खाली सरकवली. काळी पाच जाऊन पांढरी पाच आली. बोटे जिथे होती तिथेच होती. मी सूर दिला. नाल सुरू झाला.

पहिला सूर लागताच त्याला कळले. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिले. नाल चालू झाल्यावर खड्या गमतीत थांबता येत नाही. थांबला तो हरला, अशी रीत आहे. त्याने गाणे उचलले. वरच्या ओळीत तो तरला. गाणे खाली वळले तिथे ती जागा आली, जिच्याविषयी मी वर लिहिले आहे. आवाज सांध्यावर आला आणि फाटला. अर्धा बाईचा, अर्धा बाप्याचा, आणि मध्ये नुसती हवा. तो पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला, पुन्हा फाटला.

"बाई मेली रे," मागून कोणी ओरडले.

मग सगळी मंडई हसली. पुढच्या बायाही हसल्या. काही पदर तोंडाला लावून, काही तसेच. श्रावणने कडवे पूर्ण केले. माझ्या साथीत काही कमी नव्हते. मी एकही स्वर चुकलो नाही.

गाणे संपल्यावर तो मागे गेला. लुगडे सोडून त्याने घडी घातली, वर पायातले घुंगरू ठेवले आणि ते सारे शाहिरांच्या हातात दिले.

"घ्या जी."

"अरे, एखाद दिवशी होते असं," शाहीर म्हणाले.

"हो जी."

तेथून त्याचे घर चार गल्ल्यांवर होते. तो चालत गेला. शाहिरांनी माझ्याकडे वळून विचारले, "मास्तर, असं काहून झालं?"

"खोटा आवाज कधीतरी फाटतोच," मी म्हणालो.

हंगाम संपल्यावर मी ती पेटी साफ करण्यासाठी उघडली. काळी पाचची जीभ काढून उजेडात धरली. बुडाशी केसाएवढी चीर होती. पितळेची जीभ एका दिवसात तुटत नाही. आधी चीर पडते, मग सूर हळूहळू उतरत जातो आणि शेवटी ती एक दिवस मुकी होते. ही चीर एका दिवसाची नव्हती. त्या साऱ्या हंगामात लहरत होती ती माझी पेटी. श्रावण खऱ्या काळी पाचवर उभा होता, माझा सूर त्याच्याखाली घसरत होता, आणि दोहोंत जे घासत होते त्याला मी त्याच्या गळ्याचा दोष म्हणत होतो. दुकानावर माझ्या नावाची पाटी होती आणि तीस वर्षांचा कान होता. चीर ऐकली ती माग चालवणाऱ्याने.

मी जीभ बदलली. कोणाला सांगितले नाही.

"तो आंधळगाववाला आता दिसत नाही मंडळात," पत्नीने पुढच्या वर्षी विचारले.

"गाणे सोडले त्याने."

"काहून?"

"मला काय माहीत."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि रेडिओ लावला.

चारएक वर्षांनी पुतणीचे लग्न निघाले. कोशाची साडी आंधळगावचीच पाहिजे, असे पत्नीचे म्हणणे पडले. दुसरा कोणी जायला नव्हता, म्हणून मी गेलो. म्हणजे तसे मी घरी सांगितले. दुसरा कोणी शोधला नव्हता. निघताना ती चिरलेली जीभ कागदात गुंडाळून खिशात घातली.

कोष्टीपुऱ्यात मागांची खटखट चालू होती. श्रावणच्या ओसरीत त्याची आई आणि आणखी दोघी जणी उकडलेल्या कोशांतून तार ओढून मांडीवर वळीत बसल्या होत्या. आणि त्या गात होत्या. दोन ओळींचे, फिरून फिरून येणारे. मी ते ओळखले. पट्टी काळी पाच.

श्रावण माग थांबवून उठला. त्याने मला बसायला पाट दिला.

"हे गाणे," मी म्हणालो, "तू म्हणत होतास ते."

"हो जी. कोसा काढताना बाया म्हणतात. ताणाले ताल पाह्यजे, नाही तं तार तुटते. लहानपणापासून हेच आयकलं. मायच्या सुरातच आलं मले, दुसऱ्या सुरात येतच नाही." जरा थांबून तो म्हणाला, "कामाचं गाणं हाये."

माझा नियम मला आठवला. त्याला तो माहीत असण्याचे कारण नव्हते. किंवा असेलही, मी तो पुष्कळांना ऐकवला होता. मी खिशातून कागद काढला आणि ती जीभ त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती दाराच्या उजेडात धरली. धाग्यातला दोष पाहण्याची सवय असलेल्या माणसाला चीर दाखवावी लागत नाही.

"काळी पाच," मी म्हणालो. "तू सांगितलेस ते बरोबर होते. आणि दुपारी मी पट्टी उतरवली होती. मुद्दाम."

"मालूम हाये जी."

"मग तेव्हा बोलला का नाहीस? शाहिरांना सांगायचे होते."

त्याने जीभ पुन्हा कागदात गुंडाळली.

"सकाळी एकदा बोललो होतो ना जी," तो म्हणाला. "त्याचंच तं दुपारी झालं."

त्याची आई गाणे थांबवून आमच्याकडे पाहत होती. कोण आले आहे, असे तिने विचारले. "तुमसरचे पेटीमास्तर हायेत माय. साडीसाठी आले," त्याने सांगितले. तिने मान हलवली आणि पुन्हा तार ओढू लागली.

मी त्याला गाऊन पाहा, असे म्हणालो. आयुष्यात कोणाला अशी विनंती केल्याचे मला आठवत नाही. त्याने आईच्या ओळीत ओळ मिसळण्याचा प्रयत्न केला. पहिला सूर लागला नाही. दुसरा लागला आणि गेला. त्याने गळ्यावर हात ठेवला.

"नाही जी. त्या दिवसापासून म्हटलंच नाही. न म्हटलं तं तो आवाज जाते. मोठा आवाज राहते, तेवढाच हाये आता." मोठा आवाज म्हणजे छातीचा. माझ्या पसंतीचा.

साडी घेतली. घरी ती सर्वांना आवडली.

त्यानंतरचे थोडक्यात सांगतो. त्या वर्षापासून धंदा सोडेपर्यंत, माझ्या दुकानातून सूर लावून निघालेली एकही चांगली पेटी थेट गिऱ्हाइकाकडे गेली नाही. ती आधी एस.टी.च्या टपावर चढून आंधळगावला जाई आणि मी तिच्याबरोबर जाई. गिऱ्हाइकांना वाटे मास्तरांना उशीर लागतो. लागत असे. श्रावणच्या ओसरीत पेटी ठेवून मी एकेक पट्टी वाजवीत असे. तो माग थांबवी आणि मान खाली घालून ऐके. गाण्याचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. ऐकण्याचे पैसे त्याने माझ्याकडून कधी घेतले नाहीत. मी एकदा विचारले, तेव्हा तो नुसता मागाकडे वळला. मग मीही पुन्हा विचारले नाही.

खोट्या आवाजाविषयीचे माझे मत बदललेले नाही. रेडिओवर तो लागला की मी अजूनही उठून जातो. त्यातला जो एक ऐकण्यासारखा होता, तो मी स्वतः बंद केला, एवढी भर या मतात पडली आहे.

शेवटची पेटी मी त्याच्याकडे नेली तेव्हा माझे कान बरेच गेले होते आणि ते मी कोणाला कळू दिले नव्हते. खर्जापासून वाजवीत वर आलो. सगळे माझ्या मते ठीक होते. काळी पाच वाजवली. मागाची खटखट थांबली होतीच.

"जराशी उतरली हाये जी," तो म्हणाला.

मला फरक ऐकू आला नाही. मी कानस काढली आणि पेटी उघडली.